मार्गदर्शिका-पृष्ठांचे शोधमार्ग

संगणक प्रणालीतील आज्ञा, फलने व फाइलींची रूपे यांची माहिती देणारी, संगणकावरच साठविलेली व 'मॅन' या आज्ञेने पडद्यावर वाचावयाची पृष्ठे म्हणजे मार्गदर्शिका-पृष्ठे. ही पृष्ठे ज्या निर्देशिकांत (डिरेक्टरींत) ज्या क्रमाने शोधली जातात, त्या क्रमाला शोधमार्ग म्हणतात. केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी लिहिलेल्या युनिक्स मार्गदर्शिकेची पहिली आवृत्ती ३ नोव्हेंबर १९७१ रोजीची आहे. तिची नाव, रूपरेषा, वर्णन अशी आटोपशीर मांडणी लिनक्स प्रणालीतही टिकून आहे.

एका यंत्रावर निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या आज्ञावली एकत्र नांदू लागल्या की, शोधमार्गाचा प्रश्न उद्भवतो. वैज्ञानिक संगणन हे याचे ठळक क्षेत्र होय. पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील खोडद येथे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण (जीएमआरटी) आहे. तिच्या प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणाऱ्या संकेतांची सांगड घालण्याचे काम पूर्वी खास बांधलेली विद्युत् मंडले करीत. २०१० च्या सुमारास त्यासाठी लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांचा समूह योजण्यात आला.

अशा समूहांतील संगणक परस्परांना संदेश पाठविण्यासाठी सामान्यतः एमपीआय हे मानक वापरतात. ओपन एमपीआय व एमपिच ही त्याची दोन प्रचलित रूपे. दोहोंत 'एमपीआयरन' ही एकाच नावाची आज्ञा आहे, तिचे पर्याय मात्र सर्वस्वी सारखे नाहीत. दोन्ही रूपे एकाच यंत्रावर बसविली असता धावणारी आज्ञा एका रूपाची व वाचलेले पृष्ठ दुसऱ्याचे, असे घडू शकते. पृष्ठ न सापडण्यापेक्षा हे अधिक घातक होय. कारण वाचणाऱ्याला शंकाच येत नाही.

आज्ञा कोठे शोधावयाची हे 'पाथ' या परिसर-चलात नमूद असते, तर पृष्ठांसाठी 'मॅनपाथ' हे चल असते. दोहोंत निर्देशिकांची नावे अपूर्णविरामाने (:) अलग केलेली असतात. डेबियन, उबुंटू, फेडोरा इ. वितरणांत असलेली 'मॅन-डीबी' ही आज्ञावली मॅनपाथला मूल्य दिलेले नसल्यास पाथमधील निर्देशिकांवरूनच पृष्ठांच्या निर्देशिका ठरविते. त्यांच्या जोड्या रचना-फाइलीत दिलेल्या असतात; जोडी नसल्यास लगतची 'मॅन' किंवा 'शेअर' खालील 'मॅन' निर्देशिका पाहिली जाते. त्यामुळे पाथमध्ये जी आज्ञावली अग्रभागी, तिचीच पृष्ठेही बहुधा अग्रभागी येतात. शक्यतो हीच व्यवस्था राहू द्यावी.

मॅनपाथला स्वतः मूल्य दिले की ही व्यवस्था बाजूला पडते. त्यात नव्या आज्ञावलीची एकच निर्देशिका लिहिली, तर 'एलएस' सारख्या नित्याच्या आज्ञेचे पृष्ठही मिळेनासे होते. मूल्याच्या अखेरीस एक अपूर्णविराम ठेवल्यास प्रणालीचा मूळ मार्ग मागे जोडला जातो, आरंभी ठेवल्यास पुढे, आणि लागोपाठ दोन ठेवल्यास त्यांच्या जागी मध्ये. एवढी महत्त्वाची सोय इतक्या बारीक चिन्हावर सोपविणे फारसे शहाणपणाचे वाटत नाही, पण रूढी आता पक्की झाली आहे.

प्रत्यक्ष लागू असलेला मार्ग 'मॅनपाथ' याच नावाच्या आज्ञेने दिसतो. 'मॅन' ला 'डब्ल्यू' हा पर्याय दिल्यास पृष्ठ कोणत्या फाइलीतून येते ते कळते; त्याच्या जोडीला 'ए' दिल्यास त्या नावाची सर्व पृष्ठे कोठे आहेत, हे क्रमाने समजते. सर्वच आज्ञावली या पद्धतीने चालत नाहीत. रेडिओ निरीक्षणांच्या संस्करणासाठी वापरली जाणारी 'एआयपीएस' ही जुनी आज्ञावली आपली माहिती स्वतःच्या 'हेल्प' व 'एक्सप्लेन' या आज्ञांतून देते. तेथे मॅनपाथ बदलून काहीही साधत नाही.