तिळाच्या वावरातली कवटी

वाशीम जिल्ह्यात तिळाच्या किंवा वांग्याच्या पानांवर शेपटीला शिंग असलेली, बोटाएवढी जाड अळी दिसली, तर मोबाइल काढाच. तिचाच पुढे 'अकेरॉन्शिया स्टिक्स' नावाचा पतंग होतो आणि त्याच्या पाठीवर चक्क माणसाची कवटी दिसते. तो मधाच्या पोळ्यात शिरतो, डिवचल्यावर चिरकतो. अंगावर शहारे आणणारं हे चित्र मला कुठल्याही दालनातल्या कलाकृतीइतकंच मोलाचं वाटतं.

कवटी खरं तर आपल्या डोक्यात घडते. पतंगाच्या अंगावर आहेत ते फक्त फिकट खवले आणि दोन काळे ठिपके. दोन ठिपके, खाली एखादी रेघ, एवढ्यावर मेंदू चेहरा ओळखतो, तेही साधारण 170 मिलिसेकंदांत. याला पॅरिडोलिया म्हणतात. 1976 मध्ये 'व्हायकिंग 1' यानाने टिपलेला मंगळावरचा 'चेहरा'ही असाच. पुढे अधिक स्पष्ट छायाचित्रांत ती साधी टेकडी निघाली.

मंगळावर तिरप्या उन्हाच्या सावल्यांनी चेहरा रंगवला होता. आपल्या आसपासची अशीच चित्रं टिपायला तीच युक्ती आपण वापरावी. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, कारण तिच्यातली चिकणमाती सुकताना आकसते. सागाची पानं अळी कुरतडते आणि शिरांचा सांगाडा उरतो. सकाळी किंवा सांजवेळी, फ्लॅश न वापरता, बाजूच्या उजेडात हे टिपा.

मात्र कवटीवाल्या पतंगाला अपशकुनी समजून मारू नका. तो चावत नाही, डंखही करत नाही.