काळ्या पट्ट्याचं वय

मोहगाव हवेलीला बाहेरचा माणूस येतो तो अर्धनारीश्वराच्या दर्शनाला, आणि सौंसरला आला की जामसावळीच्या निजलेल्या हनुमानापुढे हात जोडल्याशिवाय परतत नाही. हनुमानाच्या मुलखात आखाडा आलाच. पोराच्या अंगात रग दिसली की बाप त्याला वस्तादाच्या हवाली करायचा, आणि नागपंचमीच्या दंगलीत काय ते गावाला कळायचं. आता त्याच घरातली नात पांढरा पोशाख घालून, कमरेला पिवळा पट्टा आवळून कराटेच्या वर्गाला निघते. आजोबा विचारतात, "हे पिवळं कशाचं गं?" ती सांगते, "परीक्षा पास झाली मी." आजोबांना काही ते पटत नाही. कुस्तीत परीक्षा कसली? पाठ मातीला लागली की लागला निकाल.

आजोबांची शंका वाटते तितकी भोळी नाही. खुद्द कराटेच्या जुन्या गुरूंनाही ती होती.

आधी पट्ट्यांचा हिशेब सांगतो. नवशिक्याचा पट्टा पांढरा. पुढे पिवळा, केशरी, हिरवा, निळा, तपकिरी असे रंग येतात. क्रम शाळेगणिक थोडा इकडेतिकडे होतो. या खालच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि त्या उलट्या मोजतात, दहावा, नववा करत पहिल्यापर्यंत. मग काळा पट्टा. तिथून दान सुरू होतात आणि ते सुलटे चढतात, पहिल्यापासून दहाव्यापर्यंत. आपल्याकडे काळा पट्टा मिळाला की पेढे वाटतात, फोटो काढतात, शिक्षण संपलं असं धरून चालतात. जपानी शाळेत पहिल्या दानाचा अर्थ एवढाच, की पोरगं आता शिकवण्याजोगं झालं.

हे सगळं पुरातन आहे असं वर्गाच्या पत्रकांवर छापलेलं असतं. ते तसं नाही. कराटे ओकिनावा बेटांवरचं. तिथे गुरू आपल्या अंगणात, बहुतेक रात्रीच्या वेळी, मोजक्या शिष्यांना शिकवत. गणवेश नाही, पट्टा नाही, दाखला नाही. शोतोकान या कराटेशैलीचे प्रवर्तक गिचिन फुनाकोशी यांनी आपल्या तरुणपणाबद्दल लिहून ठेवलं आहे, की गुरूंनी तेक्की नावाच्या तीन काता शिकवण्यात दहा वर्षं घालवली. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने एकट्याने करायची लढत. एकेक काता तीनेक वर्षं घोटायची आणि गुरूने मान हलवली की पुढची. ती हललेली मान हेच प्रमाणपत्र.

बदल झाला तो शाळेमुळे. फुनाकोशींचे एक गुरू आंको इतोसू यांनी 1901 मध्ये ओकिनावाच्या प्राथमिक शाळेत कराटे आणलं, लांबलचक काता तोडून मुलांना झेपतील अशा पाच छोट्या काता बसवल्या, आणि 1908 मध्ये शिक्षण खात्याला दहा कलमांचं पत्र लिहिलं. पोरं पुढे सैन्यात कामाला येतील, हाही मुद्दा त्यात होता. एकाच वेळी पन्नास मुलांना शिकवायचं तर रांगा हव्यात, हुकूम हवेत, टप्प्याटप्प्याचा अभ्यासक्रम हवा. अंगणातल्या गुरूला यातलं काहीच लागत नव्हतं.

दान ही कल्पना तर कराटेची नव्हेच, ती ज्युदोतून आली. ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षणतज्ज्ञ. 'गो' या पटावरच्या खेळात दानांची जुनी पद्धत होती. ती उचलून त्यांनी 1883 मध्ये आपल्या शिष्यांना पहिले दान दिले. फुनाकोशी स्वतः शाळामास्तर. 1922 मध्ये ते तोक्योला प्रात्यक्षिकाला गेले, कानोंनी त्यांना आपल्या संस्थेत बोलावलं, आणि 1924च्या एप्रिलमध्ये फुनाकोशींनी कराटेतले पहिले काळे पट्टे दिले. म्हणजे कराटेचा काळा पट्टा जेमतेम शंभरीचा. मधले रंग त्याहून लहान. ते युरोपातल्या ज्युदो क्लबांतून आले, कारण तिकडच्या शिष्यांना काळ्यापर्यंत धीर धरवेना. दुसरीकडे गोजू-र्‍यू शैलीचे संस्थापक चोजुन मियागी यांनी हयातीत एकाही शिष्याला दान दिलं नाही. आजोबांचं त्यांच्याशी चांगलं जमलं असतं.

सौंसरशेजारच्या पांढुर्ण्याहून वरूडमार्गे अमरावतीला गेलं, तर याच काळात याच वळणाची दुसरी गोष्ट घडलेली दिसते. 1914 मध्ये अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या भावांनी तिथे हनुमान आखाडा काढला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाला. तेव्हा अमरावती आणि आज मध्य प्रदेशात असलेलं मोहगाव एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड, राजधानी नागपूर. मधली राज्याची सीमा 1956 नंतरची. वैद्य बंधूंनी आखाड्याची माती टाकून दिली नाही, तिच्याशेजारी फळा आणून ठेवला. 1920च्या दशकात मंडळाने शिक्षकांसाठी उन्हाळी वर्ग सुरू केले. मलखांब, लाठी, लेझीम, दांडपट्टा, कबड्डी, कुस्ती हे सगळं एका अभ्यासक्रमात बसवलं, परीक्षा घेतल्या, दाखले दिले. ज्या विद्या वस्ताद मर्जी असेल त्यालाच शिकवायचा, त्या उन्हाळ्याच्या सुटीत गावोगावचे मास्तर शिकून घरी नेऊ लागले. क्रांतिकारक शिवराम राजगुरू यांनीही इथे व्यायामाचं शिक्षण घेतलं होतं.

1936 मध्ये मंडळाचा संघ ऑलिंपिकच्या वेळी बर्लिनला गेला आणि तिथे त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. त्याच उन्हाळ्यात जिगोरो कानोही बर्लिनमध्ये होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य म्हणून 1940चे सामने तोक्योकडे खेचून आणायला ते आले होते. एकीकडे ज्युदोला दान देणारा मास्तर, दुसरीकडे आखाड्याला दाखला देणारे अमरावतीकर. दोघांनी अंगणातली विद्या वर्गात आणली होती, आणि दोघांनाही ती जगाला दाखवायची होती. माझ्या मते कराटेच्या पट्ट्याचं खरं गोत्र हेच आहे. तो सामुराईच्या तलवारीपेक्षा शाळेच्या प्रगतिपुस्तकाच्या जवळचा आहे, आणि यात त्याची अप्रतिष्ठा काहीच नाही.

तालमीत हुद्दे नसतात असं मात्र कुणी समजू नये. कोल्हापूरच्या गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत कुणाच्या लंगोटावर रंग नाही, पण नवा पोरगा दाराशी आला की त्याची जागा कुठली, हे त्याला न सांगता कळतं. हौद्याची माती उकरायची त्याने, पाणी शिंपायचं त्याने, मोठ्या पैलवानाचं अंग रगडायचं त्याने. वस्ताद कुणाशी त्याची जोड लावतो, त्यावरून त्याची पायरी ठरते. दंगलीत तर ही उतरंड अख्ख्या गावासमोर मांडलेली असते. सुरुवातीला रेवड्यांवरच्या कुस्त्या, चिल्लीपिल्ली पोरं; मग इनामाचा आकडा चढत जातो, आणि दिवस कलताना मानाची शेवटची कुस्ती. इनामाची रक्कम पुकारली गेली की पैलवानाचा भाव सगळ्यांना कळतो. पट्ट्याहून हे सच्चं, आणि पट्ट्याहून निर्दयही. हरलात तर पुढच्या वर्षी खालच्या आकड्यावर.

दोजोतली, म्हणजे कराटेच्या तालमीतली, शिस्त बाहेरून कवायतीसारखी दिसते. वर्ग सुरू होताना सगळे पट्ट्याच्या क्रमाने एका ओळीत उभे राहतात, वरचा पट्टा एका टोकाला, पांढरे दुसऱ्या टोकाला. एकाच रंगाचे असतील तर ज्याला तो आधी मिळाला तो वर. मग गुडघ्यांवर बसायचं, डोळे मिटून क्षणभर गप्प, नंतर वाकून नमस्कार: आधी दर्शनी भिंतीला, मग गुरूला, मग एकमेकांना. शेवटी पाच नियम म्हणतात, चारित्र्य, निष्ठा, प्रयत्न, शिष्टाचार, संयम अशा धर्तीचे, आणि प्रत्येकाच्या आधी 'एक' असाच आकडा उच्चारतात, म्हणजे कुठलाच नियम दुसऱ्या नंबरचा ठरत नाही. जपानी दोजोत जमीन शिष्यांनीच पुसायची असते: ओलं फडकं दोन्ही हातांखाली दाबायचं, कंबर वर, आणि धावत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हे काम काळ्या पट्ट्यालाही चुकत नाही. जिथे ते फक्त पांढऱ्या पट्ट्यांच्या गळ्यात पडतं, तिथे शिस्त नासायला लागली असं खुशाल समजावं.

खरी शिस्त मात्र कातामध्ये दिसते. शोतोकानची पहिली काता हेइआन शोदान, एकवीस हालचालींची. डावीकडे वळायचं, डाव्या हाताने खालचा वार अडवायचा, उजवा पाय पुढे टाकून ठोसा. मागे वळून तेच उजवीकडे. बघणाऱ्याला वाटतं, दोन दिवसांचं काम. पण ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी खेचली गेली का, पुढचा गुडघा वाकलेलाच राहिला का, आणि मागची टाच जमिनीवरून सुटली तर नाही ना, या तीन गोष्टी एका क्षणात साधायला महिने जातात. टाच हमखास सुटते. गुरू काही बोलत नाही, पायाच्या बोटाने ती टाच खाली दाबतो आणि पुढच्याकडे वळतो. पुढच्या वेळी पुन्हा सुटते, पुन्हा दाबली जाते. वस्तादही शिष्याची मान अशीच न बोलता खाली दाबतो. या घटकेला दोजो आणि तालीम यांत फरक उरत नाही, आणि इथे पट्ट्याच्या रंगाचं काही चालत नाही.

स्पर्धेतही चालत नाही. जागतिक कराटे महासंघाच्या सामन्यांत एकाच्या कमरेला लाल पट्टा, दुसऱ्याच्या निळा, तेही पंचांना ओळखता यावं म्हणून. कोण कितव्या दानचा आहे, याची तिथे विचारपूस नाही. कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच आलं, 2021 मध्ये झालेल्या तोक्यो 2020 स्पर्धेत, आणि तेव्हाही रंग हे दोनच होते.

मग एवढे रंग हवेत कशाला? उत्तराचा अर्धा भाग व्यवहाराचा आहे. प्रत्येक रंगाला परीक्षा, प्रत्येक परीक्षेला फी, वर पट्ट्याचे आणि दाखल्याचे पैसे. भारतात कराटेच्या संघटना एकाहून अधिक, त्यांच्यात मान्यतेचे तंटे, त्यामुळे कुणाचा दाखला कुठे चालेल हे पालकाला कळायला मार्ग नाही. दर तीन महिन्यांनी अख्खा वर्ग झाडून पास होत असेल, तर तिथे रंग विकत मिळतोय. चांगल्या शाळेत नापास होणारी मुलं असतात आणि ती पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच पट्ट्यात ओळीत उभी राहतात. काळा पट्टा मनापासून शिकणाऱ्यालाही चार-पाच वर्षांच्या आत सहसा मिळत नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग त्या पिवळ्या पट्ट्याच्या नातीचा आहे, आणि माझ्या लेखी तो जड आहे. आजोबांच्या आखाड्यात फी नव्हती, पण बाईमाणसाला आत पाऊलही टाकता येत नव्हतं. वस्तादाची मर्जी, घराण्याची ओळख, जातीपातीचा विचार, हे सगळं त्या हललेल्या मानेत लपलेलं असायचं. छापील अभ्यासक्रम मर्जी विचारत नाही. सहाव्या क्यूला काय यायला हवं, हे कागदावर लिहिलेलं असतं. ते आलं, तर पट्टा द्यावाच लागतो, मग ती पोरगी कुणाचीही असो. मियागींची निष्ठा मोठी खरी, पण त्यांच्या अंगणात मोहगावची मुलगी पोचली नसती.

सरकारी शाळांतल्या मुलींसाठी समग्र शिक्षा अभियानात राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण चालतं. कुठे कराटे, कुठे ज्युदो, कुठे तायक्वांदो. योजनेत त्याची मुदत तीन महिन्यांची. तेवढ्यात हेइआन शोदानचा क्रम पाठ होतो, टाच मात्र अजून सुटतच असते. पट्टा या प्रशिक्षणात मिळत नाही. तो हवा असेल, तर तालुक्याच्या गावचा खासगी वर्ग गाठायचा, बसचं भाडं द्यायचं आणि परीक्षेची फी भरायची. त्यातलं कोणतं परवडतं, यावर बहुतेक मुलींचं कराटे कुठे थांबायचं ते ठरतं.