वाऱ्याला कुंपण

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भुसावळचं नाव घेतलं की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : रेल्वेचं जंक्शन आणि ऊन. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यामुळे आपली ख्याती अशी झाली आहे, की इथे थंडीही पडते म्हटलं तर पाहुणे हसतात. हेच पाहुणे डिसेंबरात पहाटे पाचला कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून यावलला निघाले, की तापीचा पूल येईपर्यंत त्यांचं हसू आटोपलेलं असतं.

खानदेशची थंडी फसवी आहे. दुपारी पारा तिशीच्या आसपास आणि पहाटे दहावर, कधी त्याच्याही खाली. उत्तरेकडून गार वारे सुटले की जळगाव-धुळ्याकडे तो पाच-सहा अंशांपर्यंतही उतरतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन सूर्य मावळताच उष्णता सोडून देते. सिमल्याला जाणारा माणूस सामान बांधतानाच स्वेटर घेतो. आपण मात्र दुपारच्या उन्हात नुसत्या शर्टावर घराबाहेर पडतो आणि रात्री परतताना सापडतो.

सापडण्याचं हमखास निमित्त म्हणजे भरीत पार्टी. बामणोदकडची वांगी, शेतातच काड्यांवर भाजलेली, कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठसका. मीही असाच एकदा चार वाजता निघालो आणि रात्री साडेदहाला परतत होतो. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट. दहा मिनिटांत दात वाजायला लागले, पंधराव्या मिनिटाला दात वाजायचे थांबले आणि बोटं लाकडासारखी झाली. पुढे कापसानं भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती, मागे दिवा नाही, लाल कागदाची चकती नाही. ती दिसली वेळेवर. पण ब्रेकच्या लिव्हरवर बोटं वळेनात. पायाचा ब्रेक दाबला, गाडी साइडपट्टीवर उतरली आणि बाभळीच्या अलीकडे थांबली. ट्रॉलीवाल्याला पत्ताही लागला नाही.

त्या रात्रीपासून मी थंडीतल्या गाडीचा विचार सुखसोय म्हणून करायचं सोडलं. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. गारठलेल्या बोटांनी लिव्हर पकडायला अर्धा सेकंद जास्त लावला, तर ७ मीटर गेले; एका जीपच्या लांबीहून जास्त. तेवढ्या अंतरात ट्रॉली लागते किंवा लागत नाही.

आता ही थंडी गाडीवरच इतकी का बोचते? आपल्या अंगाभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. शरीर तो सारखा तापवत राहतं. स्थिर हवेतून उष्णता फार सावकाश बाहेर जाते, म्हणून स्वयंपाकघरात उभ्या माणसाला दहा अंशही सोसतात. वारा आला की तो हा थर पुसून नेतो, शरीर नवा थर तापवतं, वारा तोही नेतो. गाडीवर बसलेला माणूस हा वारा स्वतःच तयार करतो. झाडाचं पान हलत नसलेल्या पहाटेसुद्धा त्याच्या छातीवर ताशी ५० किलोमीटरचं वादळ चालू असतं.

याचं पहिलं पद्धतशीर मोजमाप अंटार्क्टिकात झालं. १९३९ ते १९४१च्या अमेरिकी मोहिमेत पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल या दोघांनी पाण्यानं भरलेली प्लॅस्टिकची नळी छपरावर टांगली आणि वेगवेगळ्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो ते टिपलं. पुढे २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं उघड्या चेहऱ्याचा विचार करून नवं सूत्र स्वीकारलं. त्या सूत्रात आपले आकडे घालून पाहिले. हवा १० अंश आणि वारा ताशी ५० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ती हवा साडेपाच अंशांसारखी लागते. खरं तर त्या सूत्रातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो, खाली तो मंदावतो. गाडीवाल्याला तो थेट तोंडावर मिळतो, म्हणजे त्याचे हाल थोडे जास्तच. (पेट्रोलच्या टाकीला मात्र यातलं काही लागत नाही. ती हवेपेक्षा थंड होत नाही. वारा उष्णता पळवतो ती गरम वस्तूची.)

याच गणितात मला नवल वाटलेली एक गोष्ट आहे. वेग ५० वरून ३० वर आणला, तर साडेपाचचे साडेसहा अंश होतात. फक्त एका अंशाचा दिलासा! वाऱ्याचा बहुतेक मार पहिल्या २०-३० किलोमीटरच्या वेगातच बसून जातो. धुकं असेल, रस्ता दिसत नसेल तर गाडी हळू चालवावीच. पण थंडी कमी वाजेल या आशेनं हळू चालवण्यात अर्थ नाही, उलट वाऱ्यात जास्त वेळ काढावा लागतो. वारा अंगापर्यंत पोचू न देणं हाच इलाज.

हे आपल्या केळीवाल्याला कुठल्याही सूत्राशिवाय ठाऊक आहे. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात थंडीचा कडाका वाढला की केळीचं नवं पान निघायला वेळ लागतो, निसवणीचा घड खोडात अडकतो. मग शेतकरी काय करतो? बागेच्या कडेला शेवरीचं किंवा गजराज गवताचं दाट कुंपण आधीच लावलेलं असतं, ते वारा अडवतं. घडाला प्लॅस्टिकची पिशवी घालतो. रात्री विहिरीचं पाणी देतो, कारण ते हवेपेक्षा ऊबदार असतं. बाहेर वाऱ्याला कुंपण आणि आत ऊब. गाडीवाल्यालाही एवढंच करायचं आहे.

आपण करतो ते नेमकं उलट. हिवाळा आला की तिबेटी विक्रेत्यांच्या दुकानातून जाडजूड स्वेटर आणतो, शर्टावर चढवतो आणि निघतो. स्वेटर म्हणजे लोकरीत अडकवलेली हवा. घरात तो उत्तम. गाडीवर त्याच्या विणीतून वारा आरपार जातो आणि अडकवलेली हवा घेऊन जातो. त्याच स्वेटरवर एक पातळ, वारा न शिरणारं जर्किन घातलं की तो कामाला लागतो. जर्किन नसेल तर माळ्यावर टाकलेला पावसाळी रेनकोट खाली काढा. ऑक्टोबरात आपण तो घडी करून ठेवतो. माझ्या मते खरं काम त्याला डिसेंबरातही आहे. एवढंच, की रेनकोटात घाम साचतो आणि ओलं अंग लवकर गारठतं, म्हणून उतरल्यावर तो लगेच काढावा. काही जण जर्किन पुढून मागे उलटं घालतात. त्यांना हसू नका; चेनमधून घुसणारा वारा त्यानं बंद होतो.

आणि काहीच जवळ नसेल तर? आज सकाळी वाचलेलं वर्तमानपत्र. दोन-चार पानं शर्टाच्या आत छातीवर पसरावीत. ही गंमत नाही. फ्रान्सच्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत डोंगर उतरण्याआधी सायकलपटू रस्त्याकडेच्या लोकांकडून वर्तमानपत्र घेऊन जर्सीत कोंबत आले आहेत. तेव्हा ही पुरवणी वाचून झाल्यावर रद्दीत टाकण्याची घाई नको.

छातीवर मी इतका भर देतो तो बोटांसाठी. शरीराला थंडी वाजू लागली की ते काळीज आणि पोट सांभाळतं, त्यासाठी हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडून घेतं. छाती उघडी ठेवून कितीही जाड हातमोजे घातले तरी बोटांत गरम रक्तच येत नाही, मग मोजे काय राखणार? आधी छाती-पोट झाकावं, मग हात. लोकरीच्या हातमोज्यांवर रेक्झिनचे किंवा चामड्याचे मोजे चढवावेत, पण सैल. घट्ट मोज्यानं रक्त अडतं. उत्तर भारतात हँडलवरच बसवायचे पिशवीसारखे मोठे मोजे मिळतात, हात त्यात घालून लिव्हर धरायचे. दूधवाले, पेपरवाले, पहाटेच्या पाळीला रेल्वेत किंवा दीपनगरच्या वीजकेंद्रात जाणारे, अशांना रोजचाच प्रवास आहे. त्यांनी ते मागवून घ्यायला हरकत नाही. वाटेत स्वतःची परीक्षा घ्यायची एक सोपी खूण आहे. थांबून अंगठा करंगळीच्या टोकाला लावून पाहा. लागत नसेल तर ब्रेकही नीट लागणार नाही. हात गोल गोल जोरात फिरवा, रक्त टोकापर्यंत जातं. नाहीतर हात काखेत धरा. सायलेन्सरवर शेकू नका. बधिर बोटाला भाजलेलं उशिरा कळतं, आणि शेकोटीपाशीही तेच.

शेकोटीवरून दुसऱ्या उबेचा विषय निघतो. ‘थोडी घेतली की थंडी पळते’ असं पार्टीत कुणीतरी म्हणतंच. दारूनं कातडीतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, ऊब वाटते, आणि आतली उष्णता त्याच वाटेनं बाहेर जाते. वाटतं गरम, होतो गार. गाडी चालवण्याचा प्रश्न तर वेगळाच. चहा घ्यावा.

डोक्याला हेल्मेट हे थंडीतलं सगळ्यात सुखाचं वस्त्र आहे, हे न पटणाऱ्यांनी एकदा डिसेंबरात घालून पाहावं. आत पातळ सुती टोपी चालेल. जाड माकडटोपीवर हेल्मेट बसवलं तर ते डळमळतं आणि पडल्यावर निघून जातं. काचेवर वाफ धरते ती आपल्याच श्वासाची. काच बोटभर उघडी ठेवावी, किंवा आतून भांड्याच्या साबणाचा एक थेंब चोळून मऊ कोरड्या कापडानं पुसावी. मफलरची टोकं मात्र जर्किनच्या आत खोचा. शालीचं आणि ओढणीचंही तेच. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात गेली ती मोटारीच्या चाकात अडकलेल्या गळ्यातल्या लांब स्कार्फमुळे.

टाकीवर पुढे बसवलेल्या लेकरांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. बाप म्हणतो, ‘आज फारशी थंडी नाही.’ नसणारच. त्याच्या वाटचा सगळा वारा पुढे बसलेलं पोर खातं. लहान अंग लवकर गारठतं, आणि गारठलेलं पोर रडत नाही, गप्प होतं. आपल्याला वाटतं झोपलं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, चालकाला बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हा नियम २०२३ पासून लागू आहे. पोर मागे, पट्ट्यानं बांधलेलं, बापाच्या पाठीच्या आडोशाला असावं. पहाटेचा प्रवास उन्हं वर येईपर्यंत पुढे ढकलता आला तर त्याहून उत्तम.

रस्त्यालाही थंडीचे खिसे असतात. गार हवा जड, ती पाण्यासारखी सखल जागी साचते. म्हणून नाल्याच्या उतारावर, तापीकाठी, हतनूरच्या जलाशयाकडे पक्षी पाहायला जाताना एकदम गारठा लागतो आणि चढावर आल्यावर सुटल्यासारखं होतं. धुकंही त्याच जागी भेटतं. उतार दिसला की वेग आधीच कमी करावा.

गाडीचं थोडक्यात. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांना चोक ओढावा लागत नाही. जुन्या गाडीला ओढावा, अर्धा-एक मिनिट गाडी चालू ठेवावी, मग निघावं. मात्र ओसरीत किंवा पुढच्या खोलीत दार लावून नव्हे, तिचा धूर जीवघेणा असतो. दुपारच्या तिशीत भरलेली ३० पाउंड हवा पहाटे दहा अंशांत २७ पाउंडांवर येते, तेव्हा हवा सकाळी तपासावी.

माझा रेनकोट आता बाराही महिने गाडीच्या डिकीत असतो. गेल्या पार्टीत तो पाहून मित्रांनी विचारलं, ‘पाऊस येणार आहे का?’ रात्री परतताना त्यांच्यातल्या एकानं शेतमालकाकडून खताची रिकामी गोणी मागून घेतली, तळाला आणि बाजूंना भोकं पाडली आणि बनियनसारखी अंगात घातली. भुसावळ येईपर्यंत तो माझ्यापुढेच होता.