‘जगरनॉट’ आणि जगन्नाथाचा रथ

कोणालाही आवरता न येणाऱ्या प्रचंड बळाला इंग्रजीत ‘जगरनॉट’ असा एक शब्द आहे. निवडणुकीत प्रांतामागून प्रांत काबीज करीत सुटलेला पक्ष, समोर येईल त्याला लोळविणारा खेळाडूंचा संघ, झालेच तर विलायतेच्या रस्त्यांवरील अगडबंब मालमोटार, या सर्वांना तो लावतात. शब्द परका वाटतो खरा. पण त्याचे माहेर पुरीस आहे. तो आपला जगन्नाथ होय!

चौदाव्या शतकात हिंदुस्थानात येऊन गेलेल्या ओडोरिक नावाच्या इटालियन भिक्षूने, देवाच्या रथाखाली अंग झोकून देणाऱ्या भाविकांची हकिगत लिहून ठेविली होती. पुढे १८०३ साली पुरी नागपूरकर भोसल्यांकडून इंग्रजांकडे गेली आणि १८०६ साली क्लॉडियस ब्युकॅनन हा पाद्री तेथे येऊन गेला. १८११ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पुस्तकाने इंग्रज वाचकाच्या मनात रक्तपिपासू देवाचे चित्र पक्के बसविले. रथाखाली माणसे सापडत नसत, असे नव्हे. परंतु हंटर या इंग्रज अधिकाऱ्यानेच १८७२ साली लिहिले की, असे मृत्यू बहुतांशी गर्दीतील अपघात असत. आत्मघात हा वैष्णव वृत्तीच्या अगदी विरुद्ध आहे. तोवर शब्द मात्र रूढ होऊन बसला होता.

आता मराठीकडे पाहावे. गावात शाळा बांधावयाची असो की तलावातील गाळ काढावयाचा असो, जाणती माणसे म्हणतात, ‘हा जगन्नाथाचा रथ आहे, सर्वांनी हात लावला पाहिजे.’ रथ तोच. पण इंग्रजाची नजर चाकाखाली गेली, आपली दोरावर. आणि वस्तुस्थितीही तशीच आहे. जगन्नाथाच्या नंदिघोष रथाला सोळा चाके असून त्याची उंची सुमारे ४५ फूट असते. तो दरवर्षी नवा बांधतात. पुढे जोडलेले घोडे लाकडाचे, ओढणारी माणसेच.

मन्नाएखेळ्ळीच्या बाजूच्या वाचकांना याचा वेगळा दाखला नको. त्यांचे कन्नड शेजारी रथाला ‘तेरु’ म्हणतात, आणि कलबुर्गीस शरणबसवेश्वरांच्या जत्रेत तो कसा हलतो, हे त्यांतील अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांच्या घरचे मूल उद्या शाळेतून ‘जगरनॉट’ शिकून आले, तर कोशातील अर्थाबरोबर त्याला हा दोरही अवश्य दाखवावा.