निरोप थांबलाच नाही तर...

पहाटे सहरीसाठी उठावे, पीठ मळायला घ्यावे आणि बोटे वळूच नयेत. दिवस चांगला वर आल्यावर कुठे हात मोकळे व्हावेत. ‘वय झालं आता’ म्हणत अनेक घरांतल्या बाया हे दुखणे अंगावर काढतात. पण दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील आणि सकाळचा ताठरपणा तासाभराहून अधिक टिकत असेल, तर तो आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असू शकतो. तो पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने जास्त होतो आणि तिशी-चाळिशीतही गाठतो.

या दुखण्याचे मूळ शरीराच्या निरोप्यांमध्ये आहे. त्यांना सायटोकाइन म्हणतात. पायात काटा रुतला, जंतू शिरले की तिथल्या पेशी ही छोटी प्रथिने सोडतात. ‘इकडे या’ असा निरोप मिळताच पांढऱ्या पेशी धावतात. जागा लाल होते, सुजते, गरज पडली तर तापही चढतो. काम झाले की इंटरल्यूकिन-१० सारखे दुसरे निरोपे ‘आता पुरे’ असे सांगतात आणि सूज ओसरते.

आमवातात हे ‘पुरे’ कमी पडते. बाहेरचा शत्रू नसतानाही सांध्याच्या अस्तरात टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ हे सूज वाढवणारे निरोपे निघतच राहतात. अस्तर जाड होते, कूर्चा आणि हाड झिजू लागते. रात्री उशिरा ते पहाटेपर्यंत या निरोप्यांचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणूनच सकाळ सर्वांत जड जाते.

इतक्या निरोप्यांपैकी एकाला अडवून काय होणार, अशी शंका पूर्वी घेतली जाई. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि पंजाबात जन्मलेले रवींदर मैनी यांनी रुग्णांच्या सांध्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. टीएनएफ अडवला की बाकीचे निरोपेही मंदावतात, असे त्यांना दिसले. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात २० रुग्णांवर टीएनएफ रोखणारे औषध वापरून पाहिले गेले. सूज आणि वेदना कमी झाल्या, पण औषधाचा अंमल सरताच दुखणे परतले. पुढे याच वाटेने इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे आली.

मात्र टीएनएफ हा काही निव्वळ खलनायक नव्हे. फुफ्फुसात दडलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्याचे कामही तोच करतो. त्याला अडवले की झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. म्हणून असे इंजेक्शन देण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपल्याकडे तर ती टाळून चालतच नाही.

बहुतेक रुग्णांचे उपचार आजही आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीने सुरू होतात. ते जितक्या लवकर सुरू होतील, तितके सांधे वाचतात. रोजा असो वा एकादशी, औषधांच्या वेळा डॉक्टरांना विचारूनच बदलाव्यात. बरेच दिवस घेतलेली स्टिरॉइडची गोळी एकाएकी सोडणे तर जिवावर बेतू शकते.

घरात कुणाची बोटे रोज पहाटे अशी अडत असतील, तर तेल चोळून दिवस काढण्यापेक्षा त्यांना सांध्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे. झिजलेले हाड पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.