स्टार्टअपमध्ये मोठ्या कंपनीचा पैसा आला, तर पेटंट कोणाचे?

आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ नुसार हा हक्क विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, परवान्यावरही देता येत नाही. मात्र आजऱ्यातल्याच एखाद्या तरुणाने घनसाळ भरडण्याचे नवे यंत्र बनवून पेटंट मिळवले, तर १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे तो हक्क लेखी कराराने दुसऱ्याला देता येतो. खरा धोका इथेच आहे.

कंपनीला काय हवे असते?

वित्तीय गुंतवणूकदार काही वर्षांनी हिस्सा विकून नफा घेतो. उद्योगातील कंपनीला बहुधा नफ्यासोबत तंत्रज्ञानही हवे असते. पुण्याच्या टॉर्क मोटर्स या विजेवरील मोटारसायकल बनवणाऱ्या स्टार्टअपमध्ये वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या भारत फोर्जने गुंतवणूक केली, हे अशा गुंतवणुकीचे आपल्याकडील उदाहरण. यातून स्टार्टअपला कारखाना, चाचणीची सोय आणि बाजारपेठ मिळू शकते.

निर्णय कसे बदलतात?

पहिला बदल नावाचा. पेटंट संस्थापकाच्या नावावरून कंपनीच्या नावावर करण्याची अट घातली जाते. दुसरा, कशाचे पेटंट घ्यायचे आणि काय गुपित ठेवायचे, हे गुंतवणूकदाराच्या धंद्याच्या सोयीने ठरू लागते. तिसरा, एकाधिकार परवाना. तो दिला की त्याच क्षेत्रातील दुसऱ्या कंपनीला तंत्रज्ञान देता येत नाही.

संस्थापकांना ही भीती जगभर वाटते. गॅरी दुश्नित्स्की आणि मायल्स शेव्हर यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसले की, जिथे बौद्धिक संपदेचे संरक्षण कमकुवत असते, तिथे एकाच उद्योगातील कंपनी आणि स्टार्टअप यांचे असे व्यवहार कमी जुळतात. नक्कल होईल या भीतीने संस्थापक आपला शोध दाखवतच नाहीत.

सही करण्यापूर्वी

शोध दाखवण्याआधी तात्पुरता पेटंट अर्ज करा. पूर्ण तपशील देण्यासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. मान्यताप्राप्त स्टार्टअपला शुल्कात ८० टक्के सवलत आहे. गोपनीयतेचा करार लेखी करा. परवाना द्यायचाच असेल, तर ठरावीक वापरापुरता आणि ठरावीक मुदतीचा द्या. कंपनीने तंत्रज्ञान वापरले नाही, तर हक्क परत मिळेल असे कलम घाला.

आपल्या समाजातील तरुणांनी आणखी एक दार माहीत करून घ्यावे. अनुसूचित जातींच्या उद्योजकांसाठीच्या व्हेंचर कॅपिटल फंडाअंतर्गत २०२० मध्ये आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इनक्युबेशन मिशन सुरू झाले. त्यात ३ वर्षांत ३० लाख रुपयांपर्यंत भागभांडवल देण्याची तरतूद ठेवली गेली. सुरुवातीचे भांडवल असे उभे राहिले, तर पहिल्याच कंपनीची प्रत्येक अट मान्य करावी लागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, त्यांच्या मुलांनी स्वतःच्या बुद्धीची मालकी न वाचलेल्या करारावर सोडून देऊ नये.