मानेत उगम, हातात कळ : स्टिरॉईडच्या सुईविषयी काही विचार

सौसर-पांढुर्ण्याच्या परिसरात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास संत्र्याचा हंगाम पंचांगावाचूनही कळतो. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की खांदे, कंबर आणि मान धरून येणाऱ्यांची दवाखान्यात रीघ लागते. अशाच एका हंगामात पन्नाशी उलटलेले एक बागायतदार जामसांवलीच्या निद्रिस्त मारुतीचे दर्शन घेऊन थेट माझ्याकडे आले. उजवा हात डोक्यावर ठेवूनच त्यांनी दवाखान्यात पाऊल टाकले. "डॉक्टरसाहेब, हात खाली सोडला की कळ निघते, डोक्यावर ठेवला की बरं वाटते," असे ते म्हणाले. निम्मे निदान त्या एका वाक्यातच झाले होते.

मानेत मणके सात असले तरी तेथून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या मात्र आठ आहेत. दोन मणक्यांमधील चकती सरकली, अथवा वयोमानाने हाड वाढून तंतू बाहेर पडण्याची खिडकी अरुंद झाली, की तंतूचे मूळ चेपते. दुखण्याचा उगम मानेत असतो. कळ मात्र हातात जाणवते. सहाव्या मुळाचा त्रास अंगठ्यापर्यंत जातो, सातव्याचा मधल्या बोटाकडे, आठव्याचा करंगळीकडे. सर्वांत अधिक वेळा सापडते ते सातवे मूळ. आमच्या बागायतदारांचे मधले बोट बधिर होते आणि कोपर ताठ करण्याची शक्ती कमी झाली होती. त्यांची मान दुखऱ्या बाजूस कलवून, किंचित मागे नेऊन डोक्यावर हलका दाब देताच कळ हातभर धावली. ही तपासणी स्पर्लिंग या अमेरिकन शल्यवैद्याच्या नावाने ओळखली जाते. तिचे वर्णन १९४४ साली प्रसिद्ध झाले. शिडीवर उभे राहून मान मागे टाकून संत्री तोडताना हे गृहस्थ नेमके हेच दिवसभर स्वतःवर करीत होते!

येथे व्यवसायबंधूंना एक विनंती. डाव्या हाताची कळ घेऊन आलेल्या प्रत्येक रुग्णाचे हृदय प्रथम तपासावे, मान त्यानंतर.

या विकाराची नैसर्गिक वाटचाल बहुधा सुधारणेकडेच असते, ही गोष्ट रुग्णास आवर्जून सांगावयास हवी. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९७६ ते १९९० या काळात नोंदलेल्या ५६१ रुग्णांचा अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे चौथ्या हिश्श्यावर शस्त्रक्रिया झाली. परंतु शेवटच्या तपासणीच्या वेळी दहांपैकी नऊ जणांना त्रास अजिबात नव्हता किंवा अगदी सौम्य होता. सरकलेली चकती पुष्कळदा शरीर स्वतःच विरघळवून टाकते. मात्र त्यास आठवडे, कधी महिने लागतात. कळीने तळमळणाऱ्या माणसाला हे महिने कसे काढावयाचे, हाच खरा प्रश्न असतो. स्टिरॉईडच्या सुईचे स्थान याच प्रश्नाच्या उत्तरात आहे.

चेपलेले मूळ केवळ दाबामुळे दुखत नाही. फाटलेल्या चकतीतून झिरपणाऱ्या द्रव्यांमुळे तेथे दाह उत्पन्न होतो आणि दाह झालेला तंतू थोड्याशा स्पर्शानेही पेटून उठतो. स्टिरॉईड हा दाह शमवते. ते चकती जागेवर बसवीत नाही, वाढलेले हाडही झिजवीत नाही. शरीर आपले काम करीत असताना ते रुग्णास थोडी विश्रांती मिळवून देते, इतकेच.

आमच्या बागायतदारांना सहा आठवडे गोळ्या, विश्रांती आणि व्यायाम देऊनही झोप येईना. एमआरआयमध्ये सहाव्या आणि सातव्या मणक्यांमधील चकती सरकलेली दिसली. मी त्यांना नागपूरच्या तज्ज्ञांकडे पाठविले. तेथे क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत, रंगद्रव्य सोडून सुईची जागा निश्चित करून, मानेच्या तळाशी मागील बाजूने औषध दिले गेले. चौथ्या रात्री ते सलग झोपले. त्यांना मधुमेह होता आणि रक्तातील साखर आठवडाभर चांगलीच चढली. ही गोष्ट अपेक्षित असते. मधुमेही रुग्णास आणि त्याच्या घरच्यांना ती आधीच सांगून ठेवावी. तीन महिन्यांनी हाताची शक्ती परतली. ती सुईने परतली की काळाने, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. झोप मात्र सुईनेच परतली, असे माझे मत आहे.

आता दुसरी बाजू. मानेतील सुई ही दंडावरची सुई नव्हे. मज्जारज्जू तेथून काही मिलिमीटरवर असतो आणि मेंदूकडे जाणारी रोहिणी शेजारून धावते. मेथिलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायमसिनोलोन यांच्यासारख्या औषधांतील कण चुकून या रोहिणीत शिरले तर मेंदूचा वा मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१४ मध्ये दृष्टिनाश, पक्षाघात व मृत्यू या विरळ पण भीषण धोक्यांचा जाहीर इशारा दिला. २०१५ मध्ये तेथील तज्ज्ञांनी नियम सुचविले. मागील बाजूने द्यावयाची सुई सहाव्या-सातव्या मणक्यांमधील फटीहून वर देऊ नये, आधी एमआरआय पाहावा, आणि बाजूच्या खिडकीतून द्यावयाचे असल्यास कणयुक्त औषध मुळीच वापरू नये, असे त्यांत सांगितले आहे. डेक्सामेथासोनमध्ये असे कण नसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांविषयीचा निर्णय हृदयतज्ज्ञांशी बोलूनच घ्यावा.

लाभाविषयीही प्रामाणिक राहावयास हवे. २०२५ मध्ये अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या अकादमीने ९० अभ्यासांचा आढावा घेतला. कंबरेतून पायात जाणाऱ्या कळीस काही काळ माफक उतार पडू शकतो, असे त्यात आढळले. मानेविषयी मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी 'बीएमजे'मध्ये आलेल्या मार्गदर्शक सूचनांनी तीन महिन्यांहून जुन्या दुखण्यात अशा सुईविरुद्धच कौल दिला.

हे सारे लिहिण्यास कारण ठरलेला प्रसंग शेवटी सांगतो. बागायतदारांना बरे वाटल्याची वार्ता गावात पसरली. काही दिवसांनी त्यांच्याच आळीतील एक वयस्क बाई आल्या. "मले बी तशीच सुई लावून द्या," असा त्यांचा आग्रह होता. दोन्ही हातांना मुंग्या, मानेत ताठरपणा. दवाखान्यात गर्दी होती. नागपूरसाठी चिठ्ठी लिहावयास मी लेखणी उचललीही होती. इतक्यात त्यांची सून सहज म्हणाली, "आताशा सासूबाईंच्या लुगड्याच्या निऱ्या मीच घालून देते." मी लेखणी खाली ठेवली. "मावशी, जरा चालून दाखवा," म्हटले. पावले फाकलेली, तोल डळमळीत. चेपले होते ते मूळ नव्हते, प्रत्यक्ष मज्जारज्जूच होता. येथे उपाय सुईचा नव्हे, शस्त्रक्रियेचा असतो आणि विलंब घातक ठरतो. चिठ्ठी मी दिली, परंतु ती मेंदू-मणक्याच्या शल्यवैद्यांच्या नावाने. सून बोलली नसती तर मी काय केले असते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

म्हणून वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. बटणे लावणे वा निऱ्या घालणे अवघड होऊ लागले, चालताना तोल जाऊ लागला, लघवीवरचा ताबा सुटू लागला, हाताची शक्ती दिवसेंदिवस घटू लागली किंवा दुखण्यासोबत ताप आला, तर सुईची वाट पाहू नये. त्वरित तज्ज्ञ गाठावा. असे काही नसेल तर सहा आठवडे धीर धरावा. तेवढ्यानेही झोप परतली नाही तर सुईचा विचार करावा आणि ती योग्य साधने असलेल्या योग्य हातांकडूनच घ्यावी. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून मात्र मागू नये. आणि आपण व्यवसायबंधूंनी, गर्दी कितीही असो, रुग्णास चार पावले चालवून पाहिल्यावाचून मानेची चिठ्ठी लिहू नये.